प्लंबरांचा जलप्रलय

चर्चच्या मंडळानं जुनी बायबलनाट्यं नव्यानं करायचं ठरवलं आणि प्लंबर त्यात अडकला. मध्ययुगात म्हणे ही नाटकं गावचे कारागीरच करायचे. एकेका धंद्याला एकेक गोष्ट आणि रंगमंच म्हणजे चौकात उभी केलेली गाडी. दिग्दर्शकबाईंनी तीच रीत उचलली, फक्त भाषा आजची. बेकरीवाल्यांना शेवटचं भोजन मिळालं, प्लंबरांना नोहाचा जलप्रलय.

"पाणी थांबवणं तुम्हाला जमत नाही," बाई म्हणाल्या, "आणणं तरी जमेल."

टोमणा वर्मी लागला. असं तारू बांधीन की बेकरीवाले पाव विसरतील, असं म्हणून त्यानं नोहाची भूमिकाही स्वतःकडेच घेतली.

तारवाला फळ्या कमी पडल्या. बायको माहेरी गेलेली. तिचं लग्नातलं कपाट समोर भक्कम उभं. "नुसती दारंच तर हवीत," म्हणत त्यानं ती काढली, निळा रंग फासला आणि कपाटाला पडदा लावला. (बायकोला आवडेल असं त्याला वाटलं. त्याला बरंच काही वाटतं.)

प्रयोगाच्या दिवशी नोहाची बायको होणाऱ्या शिक्षिकेचा घसा बसला. प्लंबरची बायको नुकतीच आईला घेऊन माहेराहून थेट चौकात उतरली होती. बाईंनी तिलाच धरलं.

"अगं, सोपं आहे," प्लंबर म्हणाला. "मी तारवात बोलावतो, तू तीनदा नाही म्हणायचं आणि मग चढायचं."

"नाही म्हणायला मला शिकवताय?"

दोन नकारांना टाळ्या पडल्या. तिसरा देऊन ती चढायला गेली, दाराला हात घातला आणि थबकली. रंगाखालून ओळखीची पितळी मूठ डोकावत होती.

"अहो, हे माझ्या कपाटाचं दार आहे!"

चौक हसून लोटपोट.

"घरी बोलू," नोहा पुटपुटला.

"घर बुडतंय ना? मग इथंच बोला!"

तिसरा नकार हीच खूण असल्यानं तारवामागे बसलेल्या मेहुण्यानं पावसाचा पंप सुरू केला. दोघांवर धो धो पाऊस कोसळू लागला.

"देवाची आज्ञा होती गं!"

"देवानं माझं कपाट मोडायला सांगितलं?"

"नवीन करून देतो! आरशाचं!"

"आणि माझी आई? तिला बुडवणार?"

"तारवात आठच माणसं जातात. तसंच लिहिलंय!"

"मग मीही येत नाही."

पहिल्या रांगेतल्या सासूबाई पर्स काखेत मारून केव्हाच उठल्या होत्या. प्लंबरनं चिंब बायकोकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच छाती भरून ओरडला, "या आई, आत या! देवाला मी समजावतो!"

मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला, त्यात पंपाचा आवाज बुडाला. फादर मांडीवर थापा मारत होते, बाई डोळे पुसत होत्या. बेकरीवाले तर खुर्च्यांवर उभे राहिले. आत तिघं दाटीवाटीनं बसले, तेव्हा बायको हळूच म्हणाली, "थेंबसुद्धा आत येत नाहीये हो." प्लंबरला स्वर्ग तिथंच भेटला.

प्रयोग संपल्यावर एक आजीबाई गर्दीतून वाट काढत त्याच्याकडं आल्या. त्यानं नम्रपणे मान झुकवली.

"बायकोचं काम अगदी खरं वाटलं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र अजून लग्न केलेलं दिसत नाही."