कंपनी इचार करायलीय

विजेवरची मोटार दिसली की आमचे शेजारी माणिकराव आपली गाडी तिच्या मागे लावतात. ती कुठे बंद पडते ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. अजून एकही पडलेली नाही, पण गडी हटत नाही.

परभणीत ते एका बड्या कंपनीच्या मोटारी विकतात. अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर चालणारी गाडी ही कंपनी हौसेनं काढते. निव्वळ विजेची म्हटलं की नुसत्या बैठका घेते. गिऱ्हाईक विचारतं, "कधी येणार?" माणिकरावांचं उत्तर ठरलेलं. "कंपनी इचार करायलीय. कंपनी येडी न्हाई." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि समोरच्या शोरूममध्ये शिरतं. त्यामुळे हल्ली माणिकरावांचा पाय एका जागी ठरत नाही. मी विजेची गाडी घेतो म्हणालो, तर माझ्याशीही अबोला धरला.

गेल्या महिन्यात वहिनींना घेऊन पोखर्णीला दर्शनाला निघाले. वाटेत विजेची गाडी दिसली. झालं! पोखर्णी मागे पडली, गंगाखेडचा रस्ता संपत आला आणि यांच्याच जुन्या गाडीतलं डिझेल संपलं. पुढची गाडी मात्र मागे वळून आली. तिचा मालक म्हणाला, "काका, बसा. पंपावर सोडतो."

घशाच्या ऑपरेशनपासून वहिनींचा आवाज अगदी बारीक झालाय. घरी माणिकराव टेकतच नाहीत. दोघं शेजारी बसतात ती मोटारीतच. तिथं त्या बोलतात ते इंजिनाच्या घरघरीत विरतं, आणि हे अंदाजानं "हां, हां" करतात. त्या गाडीत घरघर नव्हती.

"अवो, डिझेलचा दिवा लागलाय म्हणून मी कवापासून सांगायलेय," वहिनी म्हणाल्या. मग पंप येईपर्यंत बोलतच राहिल्या. माहेरचं, लेकीचं, दुखण्याचं, किती दिवसांचं साठलेलं. हे मला वहिनींनीच सांगितलं.

"मग घ्या की समोरच्या कंपनीची!" मी वहिनींना डिवचलं.

"असं कसं, सर? उभा जन्म ह्या कंपनीचं मीठ खाल्लं."

परवा सकाळी कुंपणापलीकडे ते फोनवर होते. वरचे साहेब बहुधा मागणी किती आहे ते विचारत होते.

"मागणीचं मला इचारू नका, साहेब," माणिकराव म्हणाले, "तुमी फकस्त लवकर काढा. आमच्या मंडळीला लय बोलायचंय, अन् मला ऐकू येईना."