मन्मथअप्पांच्या कानातले बोळे

आमच्या शिरूर कासारात मन्मथअप्पा एसटीडी बूथ चालवायचे. गिऱ्हाईकाच्या हातात रिसीव्हर दिला की ते पहिलं काम करायचे ते म्हणजे स्वतःच्या कानात कापूस कोंबायचे. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात पिवळं खोकं, खोक्यात फोन, आणि गल्ल्याशेजारी डालड्याच्या जुन्या डब्यात कापसाचे बोळे. त्यातले दोन निवडून ते कानात घालायचे, वरून उपरणं गुंडाळायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग कुणी गुळाची ढेप उचलून नेली तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. एकदोघांनी नेलीही.

"अप्पा, तुम्ही फोनवाले की कानाचे डॉक्टर?" मी विचारायचो. मी समोरच्याच शाळेत मास्तर, आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या दुकानात बसणं हा माझा नेम.

"गुर्जी, दुसऱ्याचं बोलणं ऐकणं म्हंजे दुसऱ्याच्या ताटातलं खाणं. आमी न्हाई खात."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. अप्पा एकटेच राहायचे, स्वतःपुरता स्वयंपाक करायचे आणि घरच्या माणसांचा विषय निघाला की उठून उगाच तराजू पुसायला लागायचे.

दसरा झाला की आमचा निम्मा तालुका ऊस तोडायला जातो. तिकडून बायकांना घरी फोन करायचा तर तो कारखान्याजवळच्या दुकानातून, आणि शेजारी टोळीचा मुकादम उभा. अशा वेळी पोरगी काय बोलणार? म्हणून दसऱ्याआधी अप्पा प्रत्येक मायलेकीला खोक्यात कोंबून दार लावायचे. "आपसात एक शब्द ठरवा. तो शब्द आला की समजायचं, पोरगी संकटात हाय, न्यायला जायचं. अन् मला सांगू नका."

कुणी उत्साहाने सांगितलाच तर अप्पा भडकायचे, "झालं! बाटला शब्द. दुसरा ठरवा!" मेंढ्या वळणाऱ्या कौसाबाईंना आणि त्यांच्या मुक्ताला तीनदा शब्द बदलावा लागला. कौसाबाईंचा आवाज काच आणि कापूस दोन्ही भेदून जायचा. चौथ्यांदा अप्पा रस्ता ओलांडून माझ्या वर्गात येऊन बसले, तेव्हा कुठे त्यांचं जमलं.

त्या शब्दांवर एका हंगामात दोन पोरी सुखरूप घरी आल्या. मुकादमाला ते झोंबलं. पुढच्या हंगामात टोळ्या गेल्यावर त्याने गावातल्या भावाकरवी चौकीत अर्ज दिला, की या फोनवरून गुप्त भाषा चालते. फौजदार जीपने आले.

"कोण कुणाला काय बोलतं त्याची यादी द्या. काळ वाईट आहे. सरकारला सगळं कळलं पाहिजे."

"मला ठावंच न्हाई साहेब."

"मग विचारून घ्या."

"मी विचारल्यावर त्यो शब्द ऱ्हायला का मग? तुमच्या मालकीणबाईची चिठ्ठी तुमी चौकात वाचून दाखवताल का?"

फौजदारांनी त्यांना दिवसभर चौकीच्या बाकावर बसवलं. अप्पांनी तिथेही कानात बोळे घातले. शेवटी हुकूम निघाला, आठ दिवसांत सगळे शब्द चौकीत लिहून द्या, नाहीतर फोन बंद.

आता जे सांगतो ते माझ्याबद्दल आहे. कौसाबाई माझ्याकडे आल्या. "गुर्जी, देऊ का लिवून?" मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, "द्या की. आपण काय चोर आहोत का? उलट सरकारात नोंद झाली म्हणजे पक्कं झालं."

झालं. सात-बाऱ्यावर नाव चढवावं तशा बाया चौकीपुढे रांगेत उभ्या राहिल्या. वर शिक्का मारून द्या म्हणून अडून बसल्या. हवालदाराने एकेक शब्द आणि त्याचा अर्थ वहीत उतरवला. कौसाबाईंनी अंगठा उमटवला आणि मला येऊन अभिमानाने सांगितलं, "'तांबड्या शेळीला पाला घाला' म्हंजी 'मला न्यायला या'. पयल्या पानावर हाय आमचं!"

फोन वाचला. पण अप्पांना रांगेचं कळलं तेव्हा ते दुकान उघडं टाकून निघाले. मग दारोदार फिरले, "शब्द बदला, आजच बदला." पण बदललेला शब्द पोरींना कळवायचा कसा? फोनवरच ना? आणि तिकडे फोनजवळ उभा कोण? चौकीतला तो हवालदार मुकादमाच्या भावाबरोबर रोज चहा प्यायचा. शब्द चार दिवसांत कारखान्यावर पोचले.

पौषात मुक्ताचा फोन आला. कौसाबाई धापा टाकत आल्या, अप्पांनी बोळे घातले. मी तिथेच होतो. कौसाबाईंनी घाईत दार लावलंच नव्हतं; त्यांच्या हातातल्या रिसीव्हरमधून मुक्ताचा आवाज बाहेर आला, "आये, तांबड्या शेळीला पाला..." पुढे कुणीतरी पुरुष हसला आणि फोन आपटला. कौसाबाई नुसतंच "मुक्ते, मुक्ते" करत राहिल्या.

मुक्ताचा बाप पुढच्याच एसटीने गेला. टोळी रातोरात दुसऱ्या कारखान्याला हलवली होती. तो महिनाभर शोधून परत आला. त्याने चौकीत जाऊन सांगितलं, तर हवालदार म्हणाला, "तुमची नोंद आहे ना वहीत. मग काळजी कशाची?" अप्पांनी दुसऱ्या दिवशी अर्ज करून स्वतःच फोन काढायला लावला.

चैत्रात टोळी परतली, तेव्हाच मुक्ता घरी आली. एक दिवस आईबरोबर दुकानात आली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. मी आपलं मास्तरी आवाजात विचारलं, "काय मुक्ता, कशी आहेस?"

"मजेत हाय, गुर्जी."

अप्पांच्या हातातलं माप तसंच राहिलं. त्या दोघी गेल्यावर त्यांनी ते गल्ल्यावर ठेवलं. मग म्हणाले, "माझी पद्मा असंच म्हणलती. सासरहून फोन केलता. मागं सासरा, दीर, समदे उभे. 'मजेत हाय अप्पा' म्हणली, तीनदा. मी खुळा, साऱ्या गावाला सांगत सुटलो, पोरगी लई मजेत हाय. चौथ्या दिवशी मी तिची राख आणायला गेलतो. आमचा एक शब्द ठरलेला असता, गुर्जी, तर..."

ते उठले. फोन जाऊन दोन महिने झाले होते, तरी डबा तिथेच होता. त्यांनी दोन बोळे काढले, नीट चोळून कानात घातले, उपरणं गुंडाळलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

तेव्हा मी बोललो. "अप्पा, बायांना चौकीत मीच पाठवलं. मीच म्हणालो, लिहून द्या." दोनदा म्हणालो, अगदी स्पष्ट. बोळे घातलेले असताना.