अकराला थांबणारी मिल

जऊळक्याच्या स्टेशनाजवळची हरीओमशेठची दालमिल रोज अकराच्या सुमारास आपोआप बंद पडायची, आणि हा बिघाड आहे असं गावात कुणालाच वाटत नव्हतं. तिच्या जुन्या कंट्रोल पॅनलमधलं कार्ड अकरापर्यंत तापायचं, तापलं की रुसायचं, आणि सगळ्यांचा चहा होईतो निवून पुन्हा कामाला लागायचं. थांबायची ती यंत्रं; पंखे आणि दिवे चालूच राहायचे. शेठच्या वडिलांपासूनचा हा रिवाज. त्या सुट्टीत गावातल्या दोन-तीन सोयरिकी जमल्या, एक भाऊबंदकी मिटली, आणि मिलचा आवाज थांबला की स्टेशनमास्तर घड्याळ लावून घ्यायचे, असं सांगतात. जऊळक्याचे लोक खोटं बोलत नाहीत, फक्त जरा वाढवतात.

मिल थांबली की ओसरीवर, मेन स्विचच्या पेटीखाली बसलेली म्हातारी तुळसाबाई स्टोव्हवरून चहा उतरवायची. शेजारच्या ओट्यावर कोळशानं वाघ-बकरीचा पट आखलेला होता. पॅनल सांभाळणारा जानराव आणि भंगारवाला निजामुद्दीन तिथं खेळायला बसत. वाघ म्हणजे सुपारी, बकऱ्या म्हणजे तुरीचे दाणे. वाघ कायम निजामुद्दीनचा. हरीओमशेठ आधी कामाचा खोळंबा झाला म्हणून दोघांना झाडायचा आणि मग जानरावाला चाली सांगायचा. त्यामुळे जानराव वर्षानुवर्षं हरत आला होता.

एका सोमवारी मात्र शेठ अकोल्याला गेला, आणि निजामुद्दीनचा वाघ कोंडला. म्हणजे कोंडल्यात जमा. एक बकरी सरकली की खलास. चाल जानरावाची होती. तेवढ्यात कार्ड निवालं आणि मिल धडधडू लागली. जानरावानं पटावर टोपलं पालथं घातलं.

"उद्या येजो," तो म्हणाला. "तुह्या वाघाचं तेरवं करू."

त्याच दुपारी पॅनलमधून वांगं भाजल्यासारखा वास आला आणि कार्ड कायमचं गेलं.

दारात तुरीचे ट्रॅक्टर उभे. शेठनं कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं फार गोडीनं सांगितलं की हे मॉडेल केव्हाच बंद झालं, त्याची माहिती असलेले साहेबही निवृत्त झाले, तुम्ही नवीन पॅनल घ्या, बसवायला माणूस दिवाळीनंतर येईल. शेठ कार्ड पिशवीत घालून गावोगाव हिंडला. अकोल्याच्या दुकानदारानं कार्डाला हात जोडले. नागपूरच्यानं ते शोभेला काचेच्या कपाटात ठेवायला मागितलं.

शेठ हात हलवत परतला तेव्हा निजामुद्दीन ओट्यावर बसून होता. मेडशीची मिल मोडली तेव्हा असंच पॅनल आपण उचललं होतं, ते घरीच आहे, असं त्यानं सांगितलं.

"अन् हे आता सांगून राह्यला?"

"तुमी मले इचारलं कुठं? तुमी अकोल्याले इचारलं."

पॅनल घरी होतं खरं, पण निजामुद्दीनच्या बायकोनं, अन्वरीनं, त्याचा खुराडा केला होता. वरच्या खणात कार्ड शाबूत, खालच्या खणात एक तांबडी कोंबडी खुडूक बसलेली. शेठनं हात घातला आणि रक्तबंबाळ करून बाहेर काढला.

"भाभी, अख्ख्या विदर्भात हे एकच कार्ड उरलं."

"अन् माह्या घरात ही एकच खुडूक," अन्वरी म्हणाली. "पिल्लं निघू द्या, मंग न्या."

बरीच रदबदली झाली. शेवटी असं ठरलं की कार्ड सुटेपर्यंत कोंबडी अन्वरीनं कडेवर घ्यायची, पण अंडी निवता कामा नयेत. मग जऊळक्याच्या दालमिलचा मालक दोन्ही हात खुराड्यात घालून अंडी उबवत बसला आणि जानराव वर स्क्रू काढत राहिला. तो मुद्दाम सावकाश काढत होता, असं निजामुद्दीन अजून सांगतो. पुढं सगळी पिल्लं निघाली, आणि शेठचा आवाज आला की ती त्याच्या मागं धावत.

मेडशीचं कार्ड बसलं. मिल सुरू झाली. अकरा वाजले, मिल थांबली नाही. शेठनं पेढे वाटले.

मग मिल रोजच थांबेना. डाळ निवडणाऱ्या बायका उभ्या-उभ्या चहा पिऊ लागल्या. धडधडाटात काही ऐकूच येईना, तेव्हा गावातल्या बातम्या शिळ्या होऊ लागल्या. शेठला झाडायला कुणी मिळेना. जानरावाला पॅनल सोडता येईना. संध्याकाळी गाठावं, तर निजामुद्दीन भंगार विकायला मालेगावात आणि जानराव घरी जायला मेडशीच्या एसटीत. टोपल्याखाली वाघ कोंडलेला, आणि चाल राहिलेली. निजामुद्दीन फाटकाशी येई, तेव्हा जानराव आतून ओरडे, "एकच चाल राह्यली!" निजामुद्दीन कानाला हात लावून, ऐकू येत नाही असं दाखवून निघून जाई.

एके दिवशी शेठ गुपचूप निजामुद्दीनच्या घरी गेला. मागं पिल्लांची रांग.

"निजामुद्दीन, असंच एखादं कार्ड भेटन का? पन... जरासं बिघडलेलं?"

निजामुद्दीननं त्याला नीट न्याहाळलं.

"सकाळी जानरावही हेच मांगून गेला. नाही भेटत, शेठ. आताचं सामान एक तं चालते, नाही तं मरते. थोडंसं बिघडलेलं, मानसासारखं, ते बनवनं बंद झालं."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मिल थांबली.

सगळे बाहेर आले. जानरावानं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की त्यानं हात लावला नाही. शेठनं त्याला पोटभर झाडलं. बऱ्याच दिवसांची भूक होती. निजामुद्दीन फाटकातून आत आला, नाइलाजानं ओट्यावर बसला. जानरावानं टोपलं उचललं.

सुपारी जागच्या जागी होती. बकऱ्या एकूण एक उंदरांनी खाल्ल्या होत्या.

"पाह्य," निजामुद्दीन म्हणाला, "माह्या वाघाचे सोयरे येऊन गेले."

जानरावानं पट फुंकून साफ केला. मग आत जाऊन मूठभर तूर घेऊन आला. शेठही टेकला आणि पहिली बकरी कोपऱ्यात मांडायला सांगू लागला. सांगता सांगता त्याचं लक्ष वर गेलं. आज पंखाही थांबला होता. समोर स्टेशनातला मात्र फिरत होता.

त्यानं कप उचलला. चहावर जाड साय धरली होती. म्हणजे मिल थांबायच्या बऱ्याच आधी ओतलेला. मेन स्विचच्या पेटीखाली तेलाचा डबा पालथा घातलेला होता आणि त्यावर ओल्या पावलांचे ठसे होते.

"तुळसाबाई," शेठ म्हणाला.

"प्या आता, थंडा होऊन राह्यला," तुळसाबाई म्हणाली.

शेठ प्यायला. त्या संध्याकाळी तो सुताराकडं जाऊन आला. सकाळी मेन स्विचखाली एक नवं, भक्कम स्टूल दिसलं. तेलाच्या डब्यावरून म्हातारं माणूस पडायचं एखाद्या दिवशी.