ढिगावरची मेथी

"तीन आठवड्यांत धूळ बंद करून दाखवतो," असं प्रसेनजीतनं शिवाजी पेठेतल्या बायकांना छाती पुढं काढून सांगितलं, तेव्हा त्याला नोकरी लागून जेमतेम महिना झाला होता.

साल अठ्ठ्याण्णव. हातकणंगल्याचा हा पोरगा बाळासो कंत्राटदारांकडं इंजिनिअर म्हणून लागला होता. इमारतीचा पाया खणून निघालेली माती पुढं जोत्यात भरायची म्हणून रस्त्याकडेला ढीग करून ठेवली होती. वारं सुटलं की ती उठायची आणि थेट समोरच्या धोंडुबाईंच्या धुण्यावर जाऊन बसायची. धोंडुबाईंनी चिडून अख्ख्या गल्लीच्या सह्या घेतल्या. हा अर्ज महापालिकेत गेला तर काम बंद, आणि काम बंद झालं तर तू घरी, असं बाळासोंनी प्रसेनजीतला बजावलं होतं.

त्यानं पाणी मारून बघितलं, ते दुपारपर्यंत सुकायचं. मग त्याला कॉलेजातलं आठवलं, मुळं माती धरून ठेवतात. झटपट उगवतं काय? त्यानं बाजारातून पाच किलो मेथ्या आणल्या, ढिगावर फेकल्या आणि रखवालदार गुंडूच्या हातात झारी दिली.

चौथ्या दिवशी कोंब आले. तीन आठवड्यांत ढीग असा हिरवागार झाला, की लोक सायकलवरनं उतरून बघायचे. धूळ खरंच थांबली. धोंडुबाईंनी अर्ज फळीवर टाकला आणि विचारलं, "एवढं कुणासाठी लावलंयसा?"

"तुमच्यासाठीच की, मावशी," प्रसेनजीत फुशारून म्हणाला.

बाळासो तर इतके खूश, की दुसऱ्याच दिवशी दहा वाजता तीन बिल्डरांना घेऊन येतो म्हणाले.

प्रसेनजीत इस्त्रीचा शर्ट घालून नऊलाच आला आणि स्कूटर स्टँडला न लावताच सोडून बसला. ढीग बोडका होता. मेथी कुणी कापत नाही, मुळासकट उपटतात, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. बायकांनी जुड्या बांधताना मुळांची माती तिथंच आपटून झाडली होती. बसलेला ढीग नांगरल्यागत भुसभुशीत.

"मी आडवलं की," गुंडू पडलेली स्कूटर उचलत म्हणाला. "पर त्या म्हणाल्या, सायबांनी आमच्यासाठीच लावलीया."

बाळासोंची जीप आली आणि नेमकं तेव्हाच वारं सुटलं. बिल्डर खाली उतरले तसे नाकाला रुमाल लावून परत आत बसले. बाळासोंनी ढिगाकडं बघितलं, प्रसेनजीतच्या तोंडाकडं बघितलं आणि उद्या ताडपत्री आण, एवढंच सांगून निघून गेले.

प्रसेनजीत विटांवर बसून राहिला. थोड्या वेळानं धोंडुबाई डबा घेऊन आल्या. झाला प्रकार त्यांना गुंडूनं सांगितला होता.

"आमच्या हातनं घोटाळा झाला बघ," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "अर्ज चुलीत घातलाय. खा आधी."

भाकरी गरम होती. मेथी कोवळी होती, लसणाची फोडणी झकास बसली होती. कशी झालीया, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं आणि त्यानं दोनदा मान हलवली. फक्त ती जरा धुवायला पाहिजे होती.