मेहुण्याचं दुखणं

माणसाला मन असते, ही गोष्ट विद्यापीठाने मान्य केल्याला आता बराच काळ लोटला. मात्र ते सहसा स्वतःचे नसून मेहुण्याचे असते, हे अजून अभ्यासक्रमात आलेले नाही. हा शोध जळगावच्या प्रा. डॉ. पितांबर सुरवाडे यांचा. उभी हयात मानसशास्त्र शिकवून त्यांच्या पदरात जे ज्ञान पडले, ते हेच.

सुरवाडे सरांची कारकीर्द देदीप्यमान होती. (विषयाला विद्यार्थी कमी, म्हणून भूगोलाचे तासही तेच घेत.) पीएच.डी.चा विषय होता परीक्षार्थींची चिंता. ती पुरी होईपर्यंत मार्गदर्शकांना रक्तदाब जडला. 'ताणमुक्त जीवन' या त्यांच्या व्याख्यानाला गणेश मंडळांत मोठी मागणी होती. डीजे यायला उशीर झाला, की मंडळे आवर्जून सरांना उभे करीत.

सल्ला घ्यायलाही लोक येत, पण उघडपणे नव्हे. जळगावातल्या पिंप्राळ्यात सरांच्या घराची पायरी चढणे म्हणजे आपले डोके फिरल्याची स्वतःच दवंडी पिटणे. त्यामुळे एक सभ्य रीत पडून गेली होती. हिवाळ्यात कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी ठरे. काड्या पेटवून वांगी भाजायला घातली, की एकेक जण सरांना केळीच्या बागेत 'घड दाखवायला' नेई. तिथे आवाज खाली आणून म्हणे, "सर, आमच्या मेहुण्याला हल्ली झोपच लागत नाही." सर मेहुण्यासाठी उपाय सांगत आणि समोरच्याला रडू कोसळे. (मेहुण्यावर एवढी माया करणारा मुलूख दुसरा नसावा.) सरांच्या पाहणीनुसार खान्देशात चिंताग्रस्त माणूस शून्य, चिंताग्रस्त मेहुणे मात्र घरटी सव्वा.

निवृत्ती जवळ आली तेव्हा सरांनी प्राचार्यांच्या हातापाया पडून जिन्याखालची एक खोली मिळवली आणि 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावली. दोन खुर्च्या, एक पडदा, पाण्याचा माठ. वर्षभरात आत पाऊल टाकले ते एकट्या जिमखान्याच्या शिपायाने. तेही खोलीचे माप घ्यायला. प्राचार्य शालिग्राम पाटलांनी मोकळेपणाने सांगितले, की विद्यापीठाची समिती येणार आहे. त्या दिवशी खुर्चीत कुणी बसलेले दिसले तर केंद्र राहील, नाहीतर तिथे कॅरम ठेवले जातील. सरांचा त्या खोलीत जीव गुंतला होता. आपल्यामागे लोकांनी केळीच्या आड उभे राहून नव्हे, तर खुर्चीत नीट बसून रडावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांनी सगळ्या मेहुणेवाल्यांना एकेक करून गाठले. सगळे गहिवरले. यायला कुणी तयार होईना. दोंडाईच्याच्या भटू नानांच्या मेहुण्याला तर सरांनी विहिरीच्या काठावरून मागे आणले होते. (नानांना बहीण नाही आणि नानी एकुलत्या एक.) नाना फोनवर हुंदके देत म्हणाले, "सर, तुमनासाठे जीव देसू. पन त्या खोलीमा बसाव नही. लोके काय म्हनतीन?"

समिती आली. अध्यक्षांनी रिकामी खुर्ची पाहिली आणि जिल्ह्याचे मानसिक आरोग्य उत्तम असल्याबद्दल सरांचे अभिनंदन केले. मग सरांचा हात धरून त्यांना व्हरांड्याच्या टोकाला नेले. "सर, माझे एक सहकारी आहेत. चारचौघांत बोलायला उभे राहिले, की त्यांना घाम फुटतो." सरांनी सहकाऱ्यासाठी उपाय सांगितला. अध्यक्षांनी चष्मा पुसला, सरांना कडकडून मिठी मारली आणि आत जाऊन कॅरमची शिफारस केली.

सरांना फार वाईट वाटले. जेवण जाईना, रात्री डोळ्याला डोळा लागेना. शेवटी पत्नी मंदाबाई म्हणाल्या, "अहो, कुणाला तरी दाखवा ना."

"मी? मला काय झालंय?"

"दुसरा कुणी असा आला असता, तर काय सांगितलं असतं त्याला?"

"लाजू नका, असं सांगितलं असतं," सर म्हणाले आणि लाजले.

भर पौषातल्या एका सकाळी ते धुळ्याच्या बसमध्ये बसले. जळगावात डॉक्टर नव्हते असे नाही. पण जळगावात लोकही होते. पारोळ्याच्या स्टँडवर सर चहाला उतरले, तर धुळ्याहून जळगावकडे निघालेल्या बसमधून कानाला मफलर गुंडाळलेले भटू नाना उतरत होते.

"सर! कथा चालनात?"

"लग्नाला. धुळ्यात. तुम्ही?"

"मी बी लगीनलेच. जळगावले."

पौषात लग्नाला मुहूर्त नसतो, हे दोघांनाही ठाऊक होते. चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून रीतसर भांडण झाले आणि दोघे आपापल्या बसकडे वळले. ज्यांना भेटायला निघालो ते सर इथेच आहेत, हे नानांना समोर दिसत होते. तरी ते जळगावलाच गेले. लग्नाला निघालो म्हटल्यावर माघारी फिरता येत नाही.

दोन्ही बस खच्चून भरल्या होत्या. एका खिडकीपाशी तुम्हीही दिसलात. सरांनी हात केला नाही. माणूस लग्नाला निघालेला. त्याला उगाच कशाला अडवायचे?