तोंड नसलेला प्लेअर

ग्रामदेवतेच्या पायाची शपथ! साऱ्या मंडणगड तालुक्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. जी वस्तू एकटा माणूस दुकानात उभ्याउभ्या घेतो, तीच वाडीने मिळून घ्यायची तर दोन शिमगे जातात. यालाच विचारपूर्वक खरेदी म्हणतात.

तर तुळसाला शिमग्यातल्या नमनाच्या खेळाची एक जुनी सीडी बघायची होती. तिचा नवरा काशीराम नमनात गवळण व्हायचा, तोही तुळसाचंच हिरवं लुगडं नेसून. सीडीत तो नाचता नाचता बायकांकडे बघून डोळा मारतो. तुळसा म्हणे, मला मारला. शेजारची सावित्री तेव्हा तिला खेटूनच बसलेली. ती नुसती हसे. काशीराम वारला, आणि ते हसणं तुळसाला जास्तच बोचायला लागलं. डोळा नेमका कुणीकडे वळलाय, एकदाच बघायचं होतं. पण वाडीचा प्लेअर उंदरांनी खाल्लेला (आधी वायरी, मग बटणं).

देवळात सभा भरली. मुंबई मंडळाचा अध्यक्ष महिपत म्हणाला, घ्यायचाच तर पेनड्राइव्ह चालणारा घेऊ. मंजूर. मग सावित्री उठली.

"व्हिडिओच्या सगळ्या फायली चालायला हव्यात. मोबाईलातल्या, कॅमेऱ्यातल्या, अजून निघायच्यात त्यापण."

सभा थक्क झाली. (सावित्रीच्या घरी रेडिओसुद्धा नाही. पण अभ्यासाला रेडिओ कशाला लागतो?) पुढच्या शिमग्याला खरेदी ठरणार, तेवढ्यात तिने स्ट्रीमिंग काढलं. इंटरनेटवरचे सिनेमे थेट देवळात यायला हवेत म्हणे. अडचण एवढीच, की वीज देवळात आणि रेंज वर सड्याच्या माळावर. सखोल चर्चेअंती ठराव झाला: रेंजने देवळात यावे, अशी तिला नम्र विनंती करण्यात येत आहे.

शेवटी प्लेअर आला. साबणाच्या वडीएवढा. नारळ फुटला, टीव्ही लागला, पडद्यावर एक गोल फिरायला लागला. अख्खी वाडी हात जोडून तो गोल बघत बसली. तुळसा सीडी घेऊन पुढे गेली.

"महिपता, ही कुठनं घालायची रे?"

"काकी, सीडी आता जुनी झाली. ह्या मशीनला तोंडच नाय."

"तोंड नाय? मग वाडीत शहाणा हाच एकटा!"

सावित्री पदराआड हसली.

तुळसाने घरी येऊन सीडी पडवळाच्या मांडवाला सुतळीने टांगली. वांदर इतके घाबरले, की पळाले ते थेट दाभोळला जाऊन थांबले. सकाळच्या उन्हात सीडी फिरायची, लखकन्‌ चमकायची. कधी तुळसाच्या पडवीत, कधी सावित्रीच्या अंगणात. चौथ्या सकाळी सावित्री वैतागून ओरडली,

"अगो तुळसे, काढ ती! तुझा दादला डोळ्यांत जातोय माझ्या!"

तुळसा पडवीतनं उठली. लोकांना ऐकू जाईल अशी बोलली, "कुणाचा म्हणालीस?"

सावित्रीने दार लावून घेतलं.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगते, एक गोष्ट मी पदरची घातली. वांदर कुठे दाभोळला गेले नाहीत. ते मांडवासमोर रांगेत बसून त्या चमकत्या सीडीकडे टक लावून बघतात, आणि प्रत्येकाला वाटतं, डोळा आपल्यालाच मारला. हसू नका. हातातला मोबाईल जरा खाली ठेवा, मग हसा.