मिलिंददादाचा चार जणांचा बँड

मिलिंददादाला एका अमेरिकन बँडचा अख्खा इतिहास पाठ आहे आणि त्या बँडची त्याने फक्त दोन गाणी ऐकलीत. तीही अर्धी. मी विचारलं तर म्हणाला, "गाणी ऐकायला वेळ कुठंय? आधी इतिहास करून टाकायचा."

आमच्याकडे असंच बोलतात. आम्ही गाझियाबादला फ्लॅट घेऊन यूपीएससीची तयारी करतो. भूगोल करतो, अर्थशास्त्र करतो, भांडी करायची मात्र रोज कोणाची तरी राहतात. दादा हिंगोलीचा, आमच्यात सगळ्यात सीनियर. त्याला कुठलीही गोष्ट प्रस्तावना, कारणं, परिणाम अशीच सांगता येते. पोहे कसे झालेत विचारलं तरी आधी पार्श्वभूमी.

तर बँड. इंडी रॉकवाला. म्हणजे मोठ्या कंपनीच्या भानगडीत न पडता आपल्या हिमतीवर वाजवणारी मंडळी. असे चौघं, आणि चौघांचेही आपापले बँड आधीच गाजलेले. "म्हणजे यार, चार गावांतले पहिले आलेले एका खोलीत," दादा म्हणतो. एका उन्हाळ्यात कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जमले, तीन अल्बम काढले, मग जो तो आपल्या जुन्या बँडकडे परत गेला. संपलं. पण तुम्ही "बँड फुटला" म्हणालात की गेलात. दादा चष्मा काढतो. "फुटला नाही. कार्यबाहुल्यामुळे भेट लांबली. फरक समजून घे, दोन मार्कांचा आहे."

हे त्याने सगळ्यांना सांगून झालंय. सिलिंडरवाल्यालाही. "भैया, चारों का अपना-अपना बैंड था, समझे?"

"शादी वाला?"

"बिल्कुल. पर अमरीका में," दादा म्हणाला आणि अल्बम नंबर दोनवर गेला.

घरमालकीण आंटी एकदा हे ऐकत जिन्यात उभ्या होत्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, "बेटा, पहले ये भी चार थे। तीन अफ़सर बन गए।"

मला माहीतच नव्हतं. याच फ्लॅटमध्ये चौघं राहायचे, एकमेकांचे पेपर तपासायचे. आता एक पानिपतला पोस्टिंगवर, एक दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये, एक नोएडाला. सगळे दोन-अडीच तासांच्या आत. दादाची वयाची मर्यादा गेल्या वर्षी संपली. तो आता कोचिंगला शिकवतो आणि आमचे पेपर तपासतो, फुकट.

मागच्या महिन्यात बातमी आली की तो बँड पुन्हा एकत्र येतोय. दादा दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. संध्याकाळी त्याने चौघांच्या जुन्या ग्रुपवर टाकलं, रविवारी जेवायला या, मटण मी करतो. तिघांचेही अंगठे आले.

रविवारी सकाळी सातलाच तो मटण आणायला गेला. आईने पाठवलेला काळा मसाला त्याने आम्हाला कधी हुंगूही दिला नव्हता, तो निघाला. अकराला कुकर लागला.

बाराच्या सुमारास ग्रुपवर 'टायपिंग' दिसायला लागलं. एक जण लिहायला लागायचा, थांबायचा. मग दुसरा. मग परत पहिला. दहा मिनिटं हेच चाललं. मी दादाच्या खांद्यावरून बघत होतो. मेसेज एकही येत नव्हता.

दादाने हात पुसले आणि स्वतःच लिहिलं, "मित्रांनो, सॉरी. आज माझंच अडलंय, अचानक बाहेर जावं लागतंय. पुढं बघू."

"दादा, मटण शिजतंय," मी म्हणालो.

"माहितीये. नाही म्हणायला जड जातं रे त्यांना. आधीपासून तसेच आहेत."

मिनिटभरात तिन्ही उत्तरं आली. अरेरे यार. मी निघणारच होतो. मी तर गाडीची चावी पण घेतली होती रे.

दादाने ती दोनदा वाचली. मग फोन माझ्यासमोर धरला.

"बघ," तो म्हणाला. "निघणारच होते."